पेरताना एक शुल्क, विकताना दुसरे

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. माफीची मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती महिना संपायच्या आत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हापासून नागपुरात, वर्ध्यात, यवतमाळात या विषयावर जे बोलले आणि लिहिले जाते, ते पाहिले की दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नाला उत्तर देत आहेत असे वाटते. एक बाजू म्हणते, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क बसवले आणि आपण तिच्याच कापसासाठी दार उघडले, ही सरळ शरणागती झाली. दुसरी बाजू म्हणते, गिरण्यांना जगाच्या भावाने रुई मिळाली नाही तर कापडाची निर्यात बुडेल, आणि निर्यात बुडाल्यावर शेतकऱ्याचा कापूस घेणार कोण? भारत हा एकच व्यापारी असून त्याचा नफा-तोटा एकाच वहीत लिहिला जातो, असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे वेगळे आहे. आयातशुल्क ही मुख्यतः देशातल्याच एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाणारी रक्कम आहे. म्हणून ती कोणाकडून कोणाकडे जाते आणि तो नियम कोणत्या महिन्यात बदलतो, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. विदर्भातल्या शेतकऱ्याला खुल्या व्यापाराने छळले आणि बंद व्यापारानेही छळले. पण पीक उभे असताना बदलणाऱ्या नियमाने त्याला जितके बुडवले, तितके या दोघांनीही बुडवले नाही.

आधी साधा हिशेब पाहू. आयातशुल्क परदेशी विक्रेता भरत नाही. बंदरावर माल सोडवून घेणारा देशी आयातदार ते भरतो. बाहेरची रुई ११ टक्क्यांनी महाग पडली की देशातली रुईही तेवढी नाही तरी बरीचशी चढ्या भावाने विकता येते. रुईची खंडी ३५६ किलोची. भाव समजा खंडीला ५५ हजार रुपये असेल, तर ११ टक्के म्हणजे सहा हजार रुपये आणि वर थोडे. एक क्विंटल कापसातून सरकी काढली की साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शुल्काचा पूर्ण परिणाम खालपर्यंत झिरपला, तर शेतकऱ्याच्या क्विंटलमागे पावणेसहाशे रुपयांचा फरक पडतो. प्रत्यक्षात तो पूर्ण झिरपत नाही, कारण मध्ये जिनिंगवाला आहे, अडत्या आहे, आणि रोखीची निकड शेतकऱ्याला आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे. शुल्क असताना ही रक्कम सूतगिरणीकडून आणि शेवटी कापड घेणाऱ्याकडून शेतकऱ्याकडे वळते. शुल्क गेले की ती उलट वाहू लागते. यात अमेरिका, ब्राझील किंवा ऑस्ट्रेलिया यांना मिळते ते वाढीव गिऱ्हाईक. आपली रस्सीखेच मात्र हिंगणघाटचा शेतकरी आणि कोइम्बतूरची गिरणी यांच्यात आहे, आणि ती वॉशिंग्टनकडे बोट दाखवून झाकली जाते.

देशादेशांतल्या व्यापाराचा वादही ज्या परिमाणाने लढला जातो ते परिमाणच वाकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने ‘परस्पर शुल्का’चा तक्ता जाहीर केला, तेव्हा जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी त्यामागचे सूत्र पाहून कपाळाला हात लावला. एखाद्या देशाशी असलेली वस्तुव्यापारातली तूट घ्यायची, तिला त्या देशाकडून होणाऱ्या आयातीने भागायचे आणि येईल त्याच्या निम्मे शुल्क बसवायचे. भारताच्या वाट्याला या हिशेबाने २६ टक्के आले. आपणही त्या सूत्राला हसलो. पण चीनशी आपली तूट २०२४-२५ मध्ये सुमारे ९९ अब्ज डॉलर झाली, हा आकडा आपल्याकडे कसा वापरला जातो? चीनने आपल्याला तेवढ्या रकमेला लुटले, असाच त्याचा अर्थ लावला जातो. एका देशाशी तूट आणि दुसऱ्याशी शिल्लक असणे यात स्वतःहून काहीच गैर नाही. त्याच वर्षी भारताची एकूण वस्तुव्यापारातली तूट २८० अब्ज डॉलरच्या वर होती. पण सेवांच्या निर्यातीतून आणि परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशातून ती बहुतेक भरून निघाली आणि हे सारे मिळून उरणारी, म्हणजे चालू खात्यावरची, तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६ टक्के एवढीच उरली. चीनच्या बाबतीत भीती बाळगण्यासारखे कारण दुसरे आहे, आणि ते खरे आहे: औषधांचा कच्चा माल, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, दुर्मिळ मूलद्रव्यांची चुंबके यांसाठी एकाच विक्रेत्यावर विसंबणे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची तारांबळ उडाली. तो धोका विक्रेता एकच असल्याचा आहे. तुटीचा आकडा तो दाखवतही नाही आणि मोजतही नाही.

स्वदेशीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासातला आहे, आणि नागपूरकराला तर तो नाकारताच येत नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथेच कापड व्हावे, ही त्यामागची दृष्टी होती. रिंग स्पिंडल हे सूत कातायचे त्या काळातले नवे यंत्र इंग्लंडच्या लँकेशायरमधले गिरणीमालक स्वीकारायला कचरत होते तेव्हा ते या गिरणीत चालवून पाहिले गेले. आणि १८९६ मध्ये सरकारने काय केले? इंग्लंडहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले आणि भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर बसवला, जेणेकरून मँचेस्टरच्या मालाला हिंदुस्थानात काडीचीही अडचण होऊ नये. तो कर हटवायला १९२५ साल उजाडावे लागले. मुक्त व्यापाराच्या नावाखाली हे चालले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने या तत्त्वाकडे संशयाने पाहिले, तर त्याला मागासलेला ठरवणे हा उद्धटपणा आहे. लँकेशायरचे खासदार ब्रिटिश पार्लमेंटात बसत होते. एम्प्रेस मिलचा कामगार आणि वऱ्हाडातला कापूसवाला कुठेच बसत नव्हता.

पण याच गिरणीचा उत्तरार्धही सांगायला हवा, आणि तो आपल्याकडे कोणी सांगत नाही. १९८६ मध्ये एम्प्रेस मिल डबघाईला येऊन राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंदच पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. १९८६ साली परदेशी कापड भारतात मोकळेपणाने येत होते काय? मुळीच नाही. आयात परवान्यांच्या आणि जबर शुल्कांच्या भिंतीआड सारा उद्योग सुरक्षित होता. त्या भिंतीआडच जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, कृत्रिम धाग्यांवरचे कर आणि बदलत्या मागणीकडे केलेले दुर्लक्ष यांनी सूत आणि कापड दोन्ही काढणाऱ्या संयुक्त गिरण्या एकामागून एक आजारी पडल्या. नवजात उद्योगाला काही काळ आडोसा द्यावा, हे फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडले आणि ते चूक नव्हते. त्यात ‘काही काळ’ ही अट होती. दक्षिण कोरियाने आडोसा दिला तेव्हा ठराविक मुदतीत निर्यात करून दाखवा, अशी अट कारखानदारांना घातली. आपण आडोसा दिला आणि अट घालायला विसरलो. १८९६ च्या करापासून शिकण्यासारखे हे आहे की शुल्काचा निर्णय ज्याच्या फायद्याचा असतो त्याच्याच हाती तो असला म्हणजे नियमाचे नाव ‘मुक्त व्यापार’ ठेवा नाहीतर ‘संरक्षण’ ठेवा, फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे: स्पर्धा समान पातळीवर नाहीच. हे मला पूर्ण मान्य आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते त्याने जागतिक भाव खाली राहतात, हे काही भावनिक भाषण नाही; ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा गुदरला, तो जिंकला आणि अखेरीस २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ पासून हीच तक्रार मांडत आहेत. आणि आज दाद मागायची तर कुठे मागायची? त्या संघटनेचे अपील मंडळ अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. या परिस्थितीत कापसावर माफक शुल्क असणे मला गैर वाटत नाही. अनुदानाने पाडलेल्या भावाला तेवढा प्रतिकार न्याय्यच आहे. मात्र शुल्काने सारे निभेल, हा भ्रम आहे. भारतात हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास निघते, ब्राझीलमध्ये तिच्या जवळपास चौपट. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आपल्याच नागपुरात आहे, आणि तिच्यापासून मोटारीने दोन तासांवरच्या शिवारांत कोरडवाहू जमिनीवर गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरलेली दिसतात. ११ टक्के शुल्काने चारपटीचे अंतर भरून निघत नाही. ते फक्त श्वास घ्यायला वेळ देते, आणि तो वेळ बियाणे, पाणी आणि लागवडीची पद्धत यांवर खर्च झाला नाही तर पुढच्या पिढीला पुन्हा शुल्कच मागावे लागेल.

आता खुल्या व्यापाराच्या समर्थकांकडे वळू, कारण त्यांचाही युक्तिवाद अर्धाच असतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचे उदाहरण घेऊन दाखवले की एखादा देश सगळ्याच वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी श्रमात बनवत असला, तरी ज्यात त्याची सरशी सर्वांत जास्त त्यावर लक्ष देऊन बाकीच्या विकत घेण्यातच दोघांचा फायदा असतो. तुलनात्मक लाभाचे हे तत्त्व दोनशे वर्षे टिकले ते खरे आहे म्हणूनच. पण त्यात एक गृहीत आहे: देशाच्या आत माणसे, जमीन आणि भांडवल एका धंद्यातून दुसऱ्यात विनासायास जातात. ऑगस्टमध्ये ज्याच्या शेतात कापूस कमरेइतका उभा आहे, तो कुठे जाणार? आणि एकूण लाभ वाढला की नुकसान झालेल्यांना त्यातून भरपाई देता येते, असे पाठ्यपुस्तक सांगते. देता येते हे खरे. पण दिली कोणी? नफा झालेल्यांनी भरपाईचा चेक फाडल्याचे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

शुल्काचा भार कोणावर पडतो याचा एक नियम अर्थशास्त्रात आहे, आणि तो समजून घ्यायला नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे ढीग पुरेसे आहेत. ज्याला दुसरी वाट नसते, भार त्याच्यावर पडतो. नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. तिथले आयातशुल्क २०१९ मध्ये किलोला सुमारे २० रुपये होते, ते टप्प्याटप्प्याने वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. मी वर म्हटले की शुल्क आयात करणाऱ्या देशातला माणूस भरतो. ढाक्याच्या गिऱ्हाइकानेही त्यातले काही भरले; पण त्याच्यापुढे दुसरी फळे होती, आणि वरुड, मोर्शी, काटोलच्या बागायतदारापुढे तेवढ्या मालाला दुसरा देश नव्हता. परत फिरलेला माल देशी बाजारात आला, कळमन्यात आणि बागेतल्या सौद्यात भाव कोसळला, आणि शुल्काचा मोठा वाटा आपल्याच बागायतदाराच्या खिशातून गेला. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच वर्षे लागतात. शुल्क एका अर्थसंकल्पात बदलते. कापसाचे उलट आहे: आपण शुल्क लावले म्हणून जागतिक भाव फारसा हलत नाही, त्यामुळे ते आपल्याच गिरण्या भरतात. एकच नियम, दोन टोके. हे न पाहता ‘शुल्क वाढवा’ किंवा ‘शुल्क काढा’ असे एकच औषध सगळ्यांना देणे म्हणजे नाडी न पाहता पुडी बांधणे झाले.

बांगलादेशाने असे का करावे, असा संतप्त प्रश्न इकडे विचारला जातो. विचारणाऱ्यांनी सप्टेंबर २०१९ आठवावा. आपण एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, आणि पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात हसत सांगितले की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे, निदान आधी कळवत तरी जा. त्यानंतरही २०२० मध्ये आणि २०२३ मध्ये आपण तेच केले. भरवशाचा विक्रेता म्हणून आपली पत आपणच घालवत असू, तर शेजाऱ्याकडून स्थिर शुल्काची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मूळ दुखणे इथे आहे, म्हणून थोडे तपशिलात जातो. मार्च २०११ मध्ये जागतिक बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरच्या वर गेली होती, इतका भाव आधुनिक काळात कधी नव्हता. पण आपली निर्यात कोटा आणि नोंदणीच्या दोऱ्यांनी बांधलेली होती. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात सरसकट बंद केली गेली, आणि खुद्द कृषिमंत्री शरद पवारांनी जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर आठवडाभरात ती मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये सरकारने तुरीसाठी मोझांबिकशी करार केला. त्याच वर्षी देशात तूर विक्रमी पिकली, भाव ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेले, आणि २००६ पासूनची डाळींची निर्यातबंदी मात्र सप्टेंबर २०१७ पर्यंत उठली नाही. म्हणजे आयातीला दार सताड उघडे आणि निर्यातीला कुलूप, दोन्ही एकाच वेळी. एप्रिल २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला तेव्हा तडकाफडकी आयातशुल्क माफ झाले. २०२५ मध्ये तर भाव चढलेलाही नव्हता, अमेरिकी शुल्काने अडचणीत आलेल्या कापड निर्यातदारांना दिलासा द्यायचा होता. जूनमध्ये ११ टक्के शुल्क आहे असे धरून शेतकऱ्याने पेरले. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली तेव्हा शुल्क शून्य होते. भाव वर जायची वेळ आली की जगाचा भाव त्याला नाकारायचा, आणि भाव खाली यायची वेळ आली की जगाचा भाव त्याच्यावर लादायचा. याला खुला व्यापार म्हणत नाहीत आणि संरक्षणही म्हणत नाहीत.

यावर सरकारचे उत्तर हमीभावाचे असते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये जाहीर झाले होते, आणि भारतीय कापूस महामंडळाने त्याआधीच्या हंगामात सुमारे एक कोटी गाठींएवढी खरेदीही केली. हे लहान काम नाही. पण खरेदी केंद्रावर गाडी लागल्यावर ढिगात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले जाते; ८ टक्क्यांच्या वर भावात कपात आणि १२ च्या वर माल परत. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी किती गाड्यांत १२ च्या आत बसते, हे केंद्रावर उभे राहिले की कळते. परत फिरलेली गाडी घरी जात नाही, कारण भाडे भरलेले असते आणि मजुरांचे चुकारे द्यायचे असतात. ती शेजारच्या व्यापाऱ्याकडे वळते, आणि तिथला भाव आयातीच्या रुईकडे पाहून ठरलेला असतो.

कापडाच्या बाजूचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. कापसाचा शेतकरी जगावा म्हणून गिरणीने मरावे काय? बांगलादेशात कापूस जवळपास पिकत नाही, तरी जगातल्या मोठ्या कपडे निर्यातदारांत तो वरच्या जागी आहे. चाळीसेक लाख माणसे, त्यांत बहुसंख्य बाया, त्यावर जगतात, आणि कच्चा माल स्वस्तात मिळणे हे त्यामागचे एक कारण आहेच. कच्च्या मालावरचे शुल्क हा पक्क्या मालाच्या निर्यातीवरचा कर असतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण मग हेही लक्षात घ्या की निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल ‘ॲडव्हान्स ऑथोरायझेशन’खाली शुल्काविना आणण्याची सोय आधीपासून आहे, आणि ज्या अतिलांब धाग्याचा कापूस आपल्याकडे पुरेसा पिकत नाही त्यावरचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढले गेले होते. लहान गिरण्यांना ती कागदपत्रे झेपत नाहीत, सूत चार हातांतून फिरून निर्यातदाराकडे पोहोचते तेव्हा सवलत हरवते, ही तक्रार रास्त आहे. तर मग ती कागदपत्रे सोपी करायची. गिरणीच्या दारातली अडचण दूर करण्यासाठी ऐन हंगामात साऱ्या देशाची किंमतपातळी खाली आणणे, हा उपाय सोपा एवढ्यासाठीच वाटतो की त्याची किंमत मोजणारा विखुरलेला आहे.

शिवाय कापूस म्हणजे फक्त रुई नव्हे. क्विंटलभर कापसातली ६० किलोंहून अधिक सरकी असते; तिचे तेल आणि पेंड यांचा भाव पडला की कापसाचाही पडतो. म्हणजे पामतेलावरचे शुल्कही यवतमाळच्या कापसाला लागू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० वर आणले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, आणि शहरातल्या स्वयंपाकघराला स्वस्त तेल हवेच. त्या गरजेची मला थट्टा करायची नाही. फक्त तिचा खर्च सोयाबीन आणि सरकीच्या भावातून वसूल होतो, अर्थसंकल्पातून होत नाही, एवढे तरी उघडपणे मान्य व्हावे.

म्हणून माझी मागणी शुल्क अमुक टक्के असावे अशी नाही. ते ११ असो, ५ असो वा शून्य असो, पेरणीपूर्वी, म्हणजे मे महिन्यात, पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या पूर्ण कापूस वर्षासाठी जाहीर व्हावे आणि मध्ये हलू नये. निर्यातबंदीलाही हाच नियम लागू करावा. खरोखरच आणीबाणी उद्भवली आणि नियम बदलावाच लागला, तर बदलाच्या दिवशीच्या आणि नंतरच्या भावातला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावा. कापसावरच्या त्या ११ टक्क्यांत ५ टक्के तर कृषी पायाभूत सुविधांच्या नावाने घेतलेला अधिभारच होता. यावर म्हणतील की सरकारचे हात बांधले जातील. बांधले जावेत हाच उद्देश आहे. रिझर्व्ह बँकेचे हात महागाईच्या लक्ष्याने बांधले तेव्हाही हीच ओरड झाली होती. भाव अचानक भडकले तर काय, असाही प्रश्न येईल. त्यासाठी साठा असतो, महामंडळाच्या गोदामांतल्या गाठी असतात, आणि त्या विकायला कोणतीही अधिसूचना लागत नाही. शुल्कमाफीच्या निवेदनांवर गिरण्यांच्या संघटनांच्या सह्या असतात, त्यांची दिल्लीत ये-जा असते आणि ती असणे हा त्यांचा हक्क आहे. पण अशी अधिसूचना काढण्याआधी वाणिज्य आणि वस्त्रोद्योग मंत्रालयांनी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतून लेखी म्हणणे मागवावे आणि ते प्रसिद्ध करावे, अशी सक्तीची तरतूद आजही नाही. विदर्भाच्या खासदारांनी संसदेत मागायचे असेल तर आधी ती मागावी.